सहा पायऱ्यांनंतर

हृदयाच्या डॉक्टरांनी सोळाव्या मजल्यावर दवाखाना काढायचा आणि नेमक्या त्याच इमारतीच्या दोन्ही लिफ्ट एकदम बंद पडायच्या, हा विनोद माझा नाही. तो तिथे आयता पडलेला होता, मी फक्त उचलला.

"आई, सोपं आहे. जो वर पोचेल तो पास. तपासायचं कशाला?"

आई हसली नाही. लिफ्टच्या दारावर चिकटवलेला कागद ती तिसऱ्यांदा वाचत होती. दुरुस्तीचे काम चालू आहे, असं त्यावर लिहिलं होतं. काम कुठेच चालू नव्हतं. एका लिफ्टचं दार वीतभर उघडं राहिलं होतं आणि आतून गार, तेलकट वास येत होता.

"अकरा दिवस झाले," वॉचमनकाका म्हणाले. "एक भाग यायचाय म्हणे. तो कुठून यायचाय ते कंपनीला माहीत नाही, आणि कंपनी कुठे आहे ते आम्हाला माहीत नाही."

मला काका आवडले.

अकरा दिवसांत त्या इमारतीने आपली एक व्यवस्था लावून घेतली होती. जिन्याच्या तोंडाशी एक लांब टेबल, त्यावर पिशव्या, पुडकी, पाण्याचा एक जार, प्रत्येकावर खडूने मजल्याचा आकडा. वर जाणाऱ्याने वाटेतल्या मजल्याचं एक तरी ओझं न्यायचं. खाली येणाऱ्याने वाटेतल्या दारांसमोरचा कचरा आणायचा. आणि प्रत्येक मजल्यावर तिथल्या लोकांनी एक खुर्ची बाहेर ठेवलेली होती. "खुर्ची रिकामी असेल तर बसायचं," काकांनी नियम सांगितले. "कोणी बसलेलं असेल तर पुढच्या मजल्यावर. बसलेल्याला उठवायचं नाही आणि घाईही करायची नाही. दमलेला माणूस तापट असतो."

मी नवव्या मजल्याची औषधांची पिशवी उचलली. आईने जिन्याकडे पाहिलं आणि मग आपल्या गुडघ्यांकडे.

"पुढच्या गुरुवारी येऊ," ती म्हणाली.

"पुढच्या गुरुवारी काय उपयोग? यादी उद्या जातेय."

शाळेच्या संघाची यादी. तिच्यात चारशे मीटरच्या पुढे माझं नाव होतं, पण पेन्सिलीने. डॉक्टरांचा कागद आला की सर ते पेनने लिहिणार होते. ही अट शाळेची नव्हती, आईची होती. सरांसमोर बसून ती म्हणाली होती, "हिचं हृदय साफ आहे असं लेखी मिळेपर्यंत ही धावणार नाही." सरांनी वाद घातला नाही. आमच्याकडे काय झालं ते शाळेत सगळ्यांनाच माहीत आहे.

माझ्या ताईचं हृदय जाड होतं. म्हणजे त्याची भिंत जाड होती. लहानपणी मला वाटायचं, जाड म्हणजे मजबूत. तसं नसतं. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा सोळा वर्षांची होती आणि मी चौदाची. हा आजार भावंडांत असू शकतो, आणि वाढत्या वयात मागाहूनही दिसू शकतो, म्हणून माझी पुन्हा तपासणी. पुढच्या महिन्यात मी ताईपेक्षा मोठी होणार होते. धाकट्या बहिणीने मोठ्या बहिणीपेक्षा मोठं व्हायचं, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

"तू बस इथे बाकावर," मी आईला म्हटलं. "मी वीस मिनिटांत वर, वीस मिनिटं तपासणी, दहा मिनिटांत खाली. रिपोर्ट हातात, आणि घरी जाताना तू मला नवे बूट घेऊन देणार."

"पळू नकोस. चालत जा. आणि फोन चालू ठेव."

"हो ग."

अर्थातच मी पळाले. खरं सांगायचं तर गेल्या वर्षापर्यंत माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नसे, आणि या वर्षी मैदानाच्या पलीकडून हाक मारली तरी मुली वळून बघतात. पाय लांब झाले, केस कापले, आणि एक दिवस सरांनी घड्याळ दोनदा तपासलं. पायांत असं काही असल्यावर रिकामा जिना दिसला तर माणूस काय करणार?

एका मजल्याला दोन वळणं, एका वळणाला दहा पायऱ्या. भिंतीला चॉकलेटी तैलरंगाचा खांद्याइतका पट्टा, वर पांढरं. प्रत्येक वळणावर दुधी काचेची एक खिडकी, तिच्यातून चारचं ऊन पिठासारखं पडलेलं. कठडा लोखंडी, वरची लाकडी पट्टी हजारो हातांनी गुळगुळीत झालेली. कुठेतरी कोणी शिलाई मशीन चालवत होतं, कुठेतरी बातम्या. पहिल्या मजल्यावर प्लास्टिकची खुर्ची, दुसऱ्यावर स्वयंपाकघरातला स्टूल, तिसऱ्यावर कार्यालयातली चाकांची, तिला दोरीने कठड्याशी बांधलेलं, नाहीतर दमलेला माणूस बसल्या बसल्या तळमजल्यावर. चौथ्यावर वेताची, जुनी, हात तुटलेली.

मी एकीवरही बसले नाही. चौथ्या मजल्यावरून मी वर वळले, पाच-सहा पायऱ्या गेले, आणि मागे वेताची खुर्ची करकरली. कोणीतरी बसल्यावर करकरते तशी.

वाकून पाहिलं तर कठड्याच्या सळ्यांमधून खुर्चीचा फक्त एक पाय दिसत होता. मला वाटलं, चला, माझ्यामागे कोणीतरी आहे. हृदयाचा दवाखाना आहे, पेशंट येणारच. बिचारं चौथ्यालाच बसलं.

सहाव्या मजल्याच्या सुमारास मला पावलं ऐकू आली. माझ्या खाली, साधारण एका मजल्याच्या अंतराने. मी थांबले की नीट ऐकू यायची. हलकी पावलं, घासत नव्हती, चपलांची. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग थांबा.

मग पुन्हा सहा.

यात विशेष काही नाही, हे मी स्वतःला तिथल्या तिथे सांगितलं. सगळ्या हृदयाच्या पेशंटना डॉक्टर असंच शिकवत असणार. थोडं चढा, थांबा, श्वास घ्या, पुन्हा चढा. ताईलाही तसंच शिकवलं होतं. सहा पायऱ्या, मग थांबा.

तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि लिफ्ट नव्हती. शाळेतून आलो की मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर, आणि वरून ओरडायचे, "कासवा, ये की." ताई खालून म्हणायची, "तू हो पुढे भिंगरे, मी आलेच." ती कधी चिडली नाही. चिडायलाही दम लागतो. मी वर जाऊन दार उघडायचे, दप्तर टाकायचे, पंख्याखालची जागा पकडायचे, आणि पाच मिनिटांनी ती येऊन मला पायाने ढकलून अर्धी जागा घ्यायची.

त्या दिवशीही ती म्हणाली, मी आलेच. मी पंख्याखाली बसले. त्या दिवशी मी आतून दारही लावून घेतलं, कारण तिला बेल वाजवायला लावायची होती. गंमत म्हणून. मग मी एक अख्खा कार्यक्रम बघितला. बेल वाजली नाही हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पंचवीस मिनिटं होऊन गेली होती.

ती दुसऱ्या मजल्याच्या वरच्या वळणावर होती. आमच्या दारापासून दहा पायऱ्या.

हे मी कोणाशी बोलत नाही. दाराची कडी तर आईलाही सांगितलेली नाही. त्यानंतर आम्ही तळमजल्यावरच्या घरात राहायला आलो. आईच्या गुडघ्यांसाठी, असं आम्ही लोकांना सांगतो. बाबांची नोकरी दुसऱ्या गावी, ते महिन्यातून एकदा येतात. घरात आई आणि मी. आई मला एकही जिना चढताना बघत नाही, तोंड फिरवते.

नवव्या मजल्यावर मी बेल वाजवली. साखळी लावलेलं दार चार बोटं उघडलं आणि एक म्हाताऱ्या बाई दिसल्या. दारावर शिकवणीच्या वेळांचा कागद होता, म्हणजे शिक्षिका. त्यांनी पिशवी घेतली, आतली औषधं मोजली, मग साखळी काढली.

"टेका जरा," त्या म्हणाल्या.

"नको, डॉक्टर पाचला जातात. माझी साडेचारची वेळ आहे."

"तू जाशील ग पळत. तिचं काय?"

"माझ्याबरोबर कोणी नाही हो. खालून येतंय ते कोणीतरी दुसरं पेशंट आहे."

बाईंनी माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. त्यांना जवळचा चष्मा होता, लांबचं किती दिसत होतं कोण जाणे. "बरं," त्या म्हणाल्या. आत जाऊन पाण्याचा पेला आणला आणि तो माझ्या हातात न देता दारासमोरच्या खुर्चीवर ठेवला. "ये म्हणावं सावकाश. पेला तिथेच ठेव म्हणावं."

मी पुढे निघाले. आता पळत नव्हते. पायांना काही झालं नव्हतं, पण कान मागे राहिले होते. दहाव्या मजल्यावर पोचत असताना खाली स्टीलचा पेला खुर्चीवर ठेवल्याचा आवाज आला. उचलल्याचा नाही येत, ठेवल्याचा येतो.

मग सहा पायऱ्या. मग थांबा.

मी म्हटलं, जाऊन बघूया. आपल्याला कोण अडवतंय? मी उलटी फिरले आणि खाली उतरले, नवव्यापर्यंत. खुर्चीवर पेला होता, रिकामा. जिना रिकामा. खालच्या वळणावर कोणी नाही, त्याच्या खालच्याही नाही. आणि पावलं अजूनही तेवढीच खाली, एका मजल्याच्या अंतरावर. मी आणखी पाच पायऱ्या उतरले. तीही तेवढीच सरकली.

बाईंचं दार बंद होतं. पेल्याच्या काठावर ओलसर ठसा होता. मी हात लावला नाही.

मी पुन्हा वर निघाले. दहा. अकरा. बाराव्या मजल्यावर फोन वाजला आणि मी एवढी दचकले की फोन हातातून निसटता निसटता राहिला.

"कुठवर पोचलीस?" आई.

"बारा."

"मग एवढी का धापतेस? पळू नकोस म्हटलं होतं ना."

मी धापत नव्हते. खरंच नव्हते. मी बाराव्या मजल्यावर भिंतीला टेकून उभी होते आणि माझा श्वास नाकातून, तोंड मिटून चालला होता.

"आई, मी नाही धापत."

फोनमध्ये खरखर झाली, आईने तो कानाशी दाबला असणार. मग म्हणाली, "फोन कानापासून लांब धर."

"का?"

"धर ना."

मी फोन हातभर पुढे धरला, जिन्याच्या मधल्या पोकळीवर. आता मलाही ऐकू येत होतं. खालच्या वळणावर, दहा पायऱ्यांवर. लांब श्वास आत. मधे एक क्षण काहीच नाही. मग बाहेर, आणि शेवटी अगदी बारीक हुंकार, जणू श्वास सोडताना कोणी स्वतःशीच 'हं' म्हणतंय.

आई वर्षानुवर्षं त्या श्वासाशेजारी झोपली होती. तो चुकला तर तिला झोपेत कळायचं.

मी फोन कानाला लावला. आई रडत नव्हती. ती अगदी हळू, कोणी उठेल अशा बेताने बोलली.

"तिथेच थांब."

"आई, पावणेपाच होतील आता."

"थांब ग. धर तसाच. मला ऐकू दे."

मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी जिन्यात कोणासाठी थांबले. फोन पोकळीवर धरून हात दुखायला लागला, मी हात बदलला. उन्हाचा तुकडा भिंतीवरून थोडा सरकला. शिलाई मशीन बंद झालं होतं. खाली श्वास चालू होता, आत, मग काही नाही, मग बाहेर.

मला तिला हाक मारायची होती. कासवा म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मी थांबलेय," मी म्हटलं.

श्वास तसाच राहिला.

"मी कडी काढते," मी म्हटलं. "या वेळी मी दार लावणार नाही."

फोनमध्ये आईने काही विचारलं नाही. तिने ऐकलं होतं, एवढं मला कळलं.

घड्याळात चार वाजून पन्नास मिनिटं झाली.

"आई, डॉक्टर जातील. चार मजले राहिलेत."

"राहू दे ते डॉक्टर."

"यादी उद्या जाणार आहे."

"मला माहीत आहे. तू हललीस की ती हलेल. नको हलूस." मग, माझी नाही तर कोणा शेजारणीची मनधरणी करावी तशी, "एवढं ऐक माझं. पुन्हा कधी म्हणणार नाही."

मला धावायचं होतं. लाज वाटली तरी खरं तेच होतं. खाली ताई होती आणि वर चारशे मीटर होते, आणि मला दोन्ही हवं होतं.

मी हलले नाही.

ती हलली.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

श्वास.

मग चार पायऱ्या, आणि ती माझ्या मजल्यावर होती.

दिसलं काहीच नाही. चॉकलेटी पट्टा, खुर्ची, ऊन. कठड्यावर माझा हात होता आणि त्या लाकडातून बारीक थरथर आली, दुसरा कोणी त्याच कठड्याला धरून जवळून जातं तेव्हा येते तशी. माझ्या उजव्या अंगाला, भिंतीच्या बाजूला, थोडंसं ऊबदार झालं. पंख्याखालची अर्धी जागा कोणी घेतल्यावर होतं तसं.

मी श्वास धरून ठेवला.

पावलं माझ्या पुढे गेली. वर.

सहा पायऱ्या. मग थांबा.

थांबा लांबला. तेव्हा मला कळलं की ती माझ्यासाठी थांबली आहे.

मी मागून निघाले. फोन चालूच होता. सहा चढायच्या, थांबायचं. ती चढली की मी चढायचे. तेरा. चौदा. एवढं सावकाश मी कधीच चढले नव्हते. सहा पायऱ्यांत काय काय दिसतं हे मला माहीतच नव्हतं. भिंतीवर कोणी पेन्सिलीने मुलांच्या उंच्या मांडल्या होत्या. एका खिडकीच्या कोपऱ्यात कोळ्याने जाळं विणलं होतं. ताईने हे सगळं पाहिलं असणार. आमच्या जिन्यात काय होतं ते मी तिला कधी विचारलंच नाही.

पंधरा.

सोळा.

जिना तिथेच संपत होता. वर फक्त छत, कुठे गच्चीचं दारही नाही. समोर दवाखान्याची काचेची पाटी.

पावलं थांबली नाहीत. माझ्या डोक्यावर, छताच्या आत कुठेतरी, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

मी दार ढकलून आत गेले.

पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. डॉक्टर होते. पाय समोरच्या खुर्चीवर टाकून बसले होते. "उतरायचं धैर्य गोळा करतोय," ते म्हणाले. "ये. धाप नाही लागलेली तुला? शाबास." त्यांनी अंगाला गार जेल लावलं, पडद्यावर माझं हृदय दाखवलं. करडं, उघडझाप करणारं, एखादा मासा तोंड उघडमिट करतो तसं. भिंत पातळ, जशी असावी तशी. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि कागदावर सही केली.

उतरताना मी प्रत्येक मजल्यावर थांबले. काही ऐकू आलं नाही. शेवटी मी कचऱ्याच्या तीन पिशव्या घेऊन तळमजल्यावर पोचले, नियमाप्रमाणे.

आई बाकावर नव्हती. ती जिन्याशी उभी होती. एक पाय पहिल्या पायरीवर, हात कठड्यावर, फोन कानाला. मी रिपोर्ट पुढे केला. तिने तो बघितला नाही. कडीबद्दलही काही विचारलं नाही.

"कुठे आहे ती?" एवढंच विचारलं.

मी खोटं बोलायला हवं होतं. बाराव्यावर थांबली, म्हणायला हवं होतं. कुठे नाही, भास होता, म्हणायला हवं होतं. पण मला अगदी भरून आलं होतं, मला कोणाला तरी सांगायचंच होतं.

"सोळाव्यावर पोचली," मी म्हटलं. "मला घेऊन गेली. आणि मग वर."

आईने मान हलवली. हिशेब जुळल्यावर हलवतात तशी.

शुक्रवारी माझं नाव पेनने लिहिलं गेलं. त्यानंतरच्या गुरुवारी आई त्या इमारतीत गेली. स्वतःचं हृदय दाखवायला, म्हणाली. दोनच मजले चढली आणि परत आली. पुढच्या गुरुवारी चार. मग सहा. गुडघ्यांना मलम लावणं तिने तिसऱ्या आठवड्यात सोडलं. संध्याकाळी येते तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा असतो, आणि ती गुणगुणते. ती गुणगुणते हे मी विसरून गेले होते.

"भेटते?" मी एकदा विचारलं.

"पुढे असते. थांबते माझ्यासाठी." मग भांडी पुसता पुसता म्हणाली, "खाली मात्र येत नाही. आपल्यालाच जावं लागतं."

मला तिच्याबरोबर जायचं आहे, हे मी म्हटलं. ती म्हणाली, तुझा सराव असतो. ते खरंच आहे.

काल मी त्या इमारतीत फोन केला. वॉचमनकाकांना माझा आवाज आठवला. म्हणाले, लिफ्ट सुरू होऊन महिना झाला, टेबल काढलं, खुर्च्याही लोकांनी आत घेतल्या. "तुमच्या आई मात्र जिन्यानेच जातात," ते म्हणाले. "मी म्हणतो, बाई, लिफ्ट आहे. तर म्हणतात, लिफ्टमध्ये ती नसते."

"मग बसतात कुठे? दमल्यावर?"

"बसत नाहीत. अलीकडे तर थांबतसुद्धा नाहीत हो."

गेल्या गुरुवारी आई चौदाव्या मजल्यापर्यंत गेली. येत्या गुरुवारी माझी शर्यत आहे, साडेचार वाजता. मी तिला दोन महिने आधी सांगून ठेवलं होतं. आज जेवताना ती म्हणाली, मला यायला नाही जमणार ग, पण तू छान धाव.

मग ती झोपायला गेली आणि मी ताटं उचलून स्वयंपाकघरात आले. फळीवरच्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या होत्या, तिच्या गोल अक्षरात. साखर. मीठ. तांदूळ. चहा. गॅसच्या शेगडीशेजारी एक, सिलिंडरचा नंबर कुठे लावायचा त्याची. एक बाबांसाठी, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळांची. साखर कुठे असते हे मला पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे. चिठ्ठ्या माझ्या डोळ्यांच्या उंचीला लावलेल्या होत्या, आत्ताच्या नाही. अजून चार बोटं वर, मी पुरती वाढेन तेव्हाच्या.